वाहनाला वाहन

एप्रिल सरत आला, की महालक्ष्मी रेसकोर्सच्या तबेल्यांत बिऱ्हाड आवरायची गडबड सुरू होते. मुंबईतल्या शर्यती साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्यातल्या पावसाळ्यात. त्यामुळे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यतींचे घोडे वर्षातून दोनदा घाट चढतात आणि उतरतात. चढतात म्हणजे नुसते उभे राहतात. चढते ती गाडी. मुंबईहून पुण्याला जायची सरावाची वाट वाशीचा खाडीपूल ओलांडून तुर्भ्याला लागून जाते. हंगाम बदलताना इथल्या कांदा-बटाट्याच्या ट्रकांच्या रांगेत कधी एखादी उंच, बंद, लहान झडपांची गाडी अडकते. झडपेच्या फटीतून ओली नाकपुडी बाहेर आलेली असते. मसाला मार्केटकडून लाल मिरचीचा खाट आला की ती फुरफुरते, आणि शेजारच्या टेम्पोतला क्लीनर दचकून वर बघतो.

या गाडीला मराठीत काय म्हणायचं ही जरा अडचणच आहे. ‘घोडागाडी’ म्हणावं तर घोडा पुढे आणि गाडी मागे असं चित्र डोळ्यांपुढे येतं. शर्यतीच्या धंद्यात ‘फ्लोट’ म्हणतात, नाहीतर सरळ ‘व्हॅन’. आपला शब्द नसण्याचं कारण उघड आहे: घोडा हेच वाहन. त्याला दुसऱ्या वाहनात घालायची वेळ देशावर फारशी आलीच नाही. १७५८ मध्ये मराठ्यांची घोडी अटकेपर्यंत गेली ती आपल्या चार पायांवर, आणि वाटेत नद्या आल्या तिथे उतार शोधून नाहीतर पोहून. खोगीर, तंग, लगाम, रिकीब, तोबरा, खरारा, अगाडी-पिछाडी अशा शब्दांनी भाषा भरून गेली. घोडा वाहून नेण्याचा शब्द मात्र त्यांत नाही.

समुद्राकाठची गोष्ट वेगळी होती.

तुर्भ्याच्या पश्चिमेला जी खाडी आहे, ती वर ठाण्यापर्यंत जाते. गंमत म्हणजे तिच्या पलीकडच्या काठालाही एक तुर्भे आहे. इंग्रजांनी त्याचं ट्रॉम्बे केलं आणि पुढे अणुभट्टीमुळे तेच नाव जगाला कळलं. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनं ठाण्याच्या राज्याबद्दल एक मजेशीर हकिकत लिहून ठेवली आहे. इथल्या चाच्यांना राजाचा आतून आसरा होता. करार असा, की लुटीतले घोडे तेवढे राजाचे, बाकी सगळा माल चाच्यांचा. राजाकडे स्वतःचे घोडे नव्हते, आणि हिंदुस्थानकडे येणारं एकही जहाज घोड्यांशिवाय येत नसे, असं तो सांगतो. सोनं, कापड, मसाले सोडून राजानं चोरांकडून जनावर मागून घ्यावं, यावरून त्या काळी कोकणच्या किनाऱ्यावर घोड्याला काय भाव असेल याचा अंदाज येतो.

हे घोडे येत कसे? होर्मुझच्या जहाजांचं वर्णनही पोलोनंच केलं आहे. लोखंडी खिळे नाहीत, फळ्या काथ्यानं शिवलेल्या, वर धड डेकही नाही. माल भरला की त्यावर कातडी पसरायची आणि त्या कातड्यांवर घोडे उभे करायचे. पायाखाली घसरडं, हलतं, पोकळ काहीतरी, आणि चहूबाजूंनी पाणी. घोड्याला ओकारी काढता येत नाही. त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. लाटांनी पोटात ढवळलं तरी ते आत राहतं आणि त्यातून पोटशूळ उठण्याची भीती असते. उभ्यानं डुलकी काढायची सोय निसर्गानं त्याच्या सांध्यांत करून ठेवली आहे, तेवढाच काय तो आधार.

वाटेत किती मरत असतील? पोर्तुगीज इतिवृत्तकार नुनीझ यानं सोळाव्या शतकात विजयनगरच्या नरसिंह राजाची एक आठवण नोंदवली आहे. राजा होर्मुझ आणि एडनचे घोडे जिवंत किंवा मेलेले, कसेही विकत घेई. वाटेत मेलेल्या घोड्याचं नुसतं शेपूट आणून दाखवलं तरी व्यापाऱ्याला जिवंत घोड्याचेच पैसे मिळत. दक्षिणी राज्यांची सगळी मदार घोडदळावर. व्यापारी बुडाला तर पुढच्या वर्षी जहाजच यायचं नाही, हा राजाचा हिशेब असणार. त्यापुढचा हिशेब मात्र चुकत होता. तमिळ किनाऱ्याबद्दल पोलो म्हणतो, की तिथे दरसाल हजारोंनी घोडे येतात आणि वर्षअखेरीस शंभरही उरत नाहीत, कारण त्यांची निगा राखणारं कुणी नाही. घोड्यांना भाताबरोबर शिजवलेलं मांस चारत, असंही त्यानं लिहिलंय. व्यापारी नालबंद पाठवत नसत. घोडे जितके मरतील तितका पुढचा सौदा मोठा.

१५१० नंतर पोर्तुगीजांनी हा व्यापार गोव्याकडे वळवून घेतला. एकोणिसाव्या शतकात मुंबई ही अरबी घोड्यांची मोठी पेठ झाली. बसरा-कुवेतकडून बगल्यांतून आलेले घोडे भेंडीबाजाराच्या तबेल्यांत बांधलेले असत, आणि अरब सौदागरांकडून ते घ्यायला संस्थानिकांची, पलटणींची माणसं येत. पुढे ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधून ‘वेलर’ घोडे येऊ लागले. आठवडेच्या आठवडे अरुंद खणात उभं राहून आलेलं हे जनावर पोटाखालून पट्टा घालून यारीनं उचलायचं आणि धक्क्यावर ठेवायचं, ही तेव्हाच्या बंदरांतली नेहमीची रीत. चारही पाय हवेत लोंबकळत असताना घोडा बहुतेक वेळा धडपडत नाही, गप्प होतो. त्याला लोक ‘शांत झाला’ म्हणत. ती शांतता होती की भीतीनं आलेला सुन्नपणा, हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती.

मुंबई बेट असल्यामुळे पुण्याकडचा पहिला टप्पाही बराच काळ पाण्यातूनच होता. १७७८ साली पुण्यावर चालून निघालेली कंपनीची फौजही आधी पनवेलच्या बंदरात उतरली आणि मग बोरघाटाकडे वळली. मुंबईहून पडावात बसायचं, भरती साधून पनवेल गाठायचं, तिथून खोपोली, मग घाट. तुर्भे तेव्हा आगरी-कोळ्यांचं, भातखाचरांचं आणि खाडीचं गाव होतं. पुण्याची वाहतूक त्याच्या नजरेसमोरून पाण्यातून जाई. गावात शिरण्याचं तिला कारण नव्हतं. १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर जॉन माल्कमनं बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. पुण्याच्या रेसकोर्सची सुरुवातही त्याच सुमाराची.

इंग्लंडात तेव्हा शर्यतीचा घोडा गावोगाव चालतच जायचा. दोन-अडीचशे मैल जायचे तर दोन आठवडे मोडायचे, आणि पोचल्यावर त्याच्यात शर्यतीपुरता दम राहील याची खात्री नाही. १८३६ मध्ये लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यानं यावर एक युक्ती काढली. हा आपल्याकडे सतीबंदीच्या कायद्यामुळे माहीत असलेल्या विल्यम बेंटिंकचा पुतण्या. डॉनकास्टरची सेंट लेजर शर्यत तोंडावर आली तरी त्याचा एलिस हा घोडा दक्षिणेत गुडवूडलाच आहे, असं सट्टेवाल्यांना कळलं. आता हा चालत पोचत नाही असं धरून त्यांनी त्याचा भाव चढवून ठेवला. बेंटिंकनं आतून गाद्या लावलेली एक मोठी गाडी करवून घेतली, तिला सहा घोडे जुंपले आणि एलिसला तीन दिवसांत डॉनकास्टरला नेऊन उतरवलं. एलिस जिंकला. सट्टेवाल्यांचं दिवाळं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्या गाडीत ड्रमर नावाचा दुसरा घोडा सोबतीला होता ही बाब मात्र सहसा कुणी सांगत नाही. खरी अक्कल तिथे होती. घोडा हे कळपाचं जनावर आहे. अंधाऱ्या, हलत्या खोलीत शेजारी ओळखीचा श्वास ऐकू आला तर त्याची अर्धी भीती जाते.

हंगेरीची किंचेम ही घोडी १८७६ ते १८७९ या काळात ५४ शर्यती धावली आणि ५४ ही जिंकली. रेल्वेनं सगळ्या युरोपभर फिरली. तिची सोबत म्हणजे एक मांजर आणि एक मोतद्दार. एकदा मांजर हरवलं तेव्हा ते सापडेपर्यंत बाई डब्यात चढायला तयार नव्हती, अशी गोष्ट सांगतात.

आपल्याकडे रेल्वे आली तरी घाटानं दहा वर्षं अडवून धरलं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे, आणि मधला घाट १८६३ मध्ये. इंग्लंडच्या धर्तीवर घोड्यांसाठी निराळे डबे असत. अशा डब्यात मोतद्दाराला बसायला लहानसा खण आणि त्यातून घोड्याच्या तोंडाकडे उघडणारी झडप. बोरघाटात आणखी एक चमत्कारिक प्रकार होता. चढ काढता यावा म्हणून मध्येच गाडीची दिशा उलटी करावी लागे; इंजिन एका टोकाचं सोडायचं आणि दुसऱ्या टोकाला जोडायचं. म्हणजे कर्जतहून इंजिनाकडे तोंड करून निघालेला घोडा खंडाळ्याला पाठमोरा पोचायचा. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर ही उलटापालट संपली. दुसऱ्याच वर्षी, १ जून १९३० ला, डेक्कन क्वीन सुरू झाली. पुण्याच्या शर्यतींना जाणाऱ्या शौकिनांची शनिवार-रविवारची गाडी हाच तिचा पहिला लौकिक.

घोड्याचं तोंड कुठल्या दिशेला असावं, हा प्रश्न मात्र घाटाबरोबर संपला नाही. उभ्या घोड्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. पुढे तोंड करून उभा असताना ब्रेक लागला की सगळा भार छातीवर आणि डोक्यावर येतो. तोल सावरायला तो मान वर फेकतो आणि टपावर आपटतो. पाठमोरा असेल तर धक्का भरदार पुठ्ठ्यावर येतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात झालेल्या काही प्रयोगांत पाठमोऱ्या घोड्यांच्या हृदयाचे ठोके तुलनेनं कमी पडलेले दिसले. सगळे घोडे एकसारखे नसतात हेही त्यांतच दिसलं. बोरघाटातल्या कुणा मोतद्दारानं झडपेतून दोन्ही अवस्था एकाच प्रवासात पाहिल्या असतील, पण त्याला विचारून कुणी लिहून घेतलं नाही. घोड्यांबद्दल लिहिणारे राजे, सरदार, कर्नल. बाराव्या शतकातला चालुक्य राजा सोमेश्वर ‘मानसोल्लासा’त घोड्यांवर विस्तारानं लिहितो. खाली उभ्या असलेल्या माणसाचं ज्ञान हातातून हातात गेलं, फार तर सालोत्र्याच्या चोपडीत उतरलं.

वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ साली झाला आणि ठाण्याला वळसा न घालता मुंबईचा रस्ता तुर्भ्यावरून जाऊ लागला. मग बाजार समितीचे बाजार आले, ट्रक आले, रासायनिक कारखाने तर आधीपासूनच होते. (बाजाराला लोक ‘वाशी मार्केट’ म्हणतात; तुर्भेकरांना हे मनापासून पटलेलं नाही.) १९७८ च्या जनावर वाहतुकीच्या केंद्रीय नियमांत घोड्यांसाठी स्वतंत्र कलमं आहेत: ट्रकमध्ये चार ते सहापेक्षा जास्त घोडे नकोत, दोन घोड्यांमध्ये किमान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा, तळाला पाय घसरणार नाही असं काहीतरी, सोबत एक माणूस, आणि तोंडं डावीकडे, म्हणजे अंगावर येणाऱ्या रहदारीपासून दूर. वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत. सायन-पनवेल मार्गावर उभं राहून हे शेवटचं कलम वाचलं तर हसू येतं. तोंडाच्या दिशेचं कलम मात्र ज्यानं लिहिलं, त्यानं घोड्यांबरोबर रात्र काढलेली असावी.

कारण अडचण डोळ्यांची आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. कपाळापुढचा एक तुकडा आणि शेपटामागचा एक तुकडा सोडला तर त्याला जवळजवळ सगळं वर्तुळ दिसतं. उजेडातून अंधारात गेल्यावर त्याची नजर बसायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. दुपारच्या उन्हात उभ्या केलेल्या फ्लोटचं उघडं दार त्याच्या लेखी खोली नव्हे, काळं भोक. त्यात पुढे ओढणारा माणूस नेमका कपाळासमोरच्या न दिसणाऱ्या तुकड्यात, आणि चाबूक घेतलेला दुसरा शेपटामागच्या तुकड्यात. मग टाप पडते फाळक्यावर. जमिनीवर पडलेल्या टापेचा आवाज भरीव असतो. हा पोकळ येतो. गवताळ माळावर पळून जीव वाचवणाऱ्या जनावराला पोकळ जमीन म्हणजे काय, हे सांगायला नको.

घाईची रीत सगळीकडे सारखीच: पुठ्ठ्यामागून दोर आवळायचा, डोळ्यांवर फडकं बांधायचं, वरच्या ओठाला दोरीचा पीळ द्यायचा आणि चार जणांनी रेटायचं. घोडा चढतो. पुढच्या वेळी सहा जण लागतात.

जाणता साईस शर्यतीच्या आधी नव्हे, महिनाभर आधी सुरुवात करतो. फ्लोट आवारात नुसता उभा. इंजिन बंद, दोन्ही बाजूंची दारं उघडी, म्हणजे आरपार उजेड. फाळक्यावर काथ्याची चटई आणि तिच्यावर घोड्याच्या स्वतःच्या ठाणावरचा पेंढा, त्याचाच वास असलेला. आधी म्हातारा, सरावलेला घोडा आत जाऊन लसूणघास खात उभा राहतो. नवं शिंगरू दुरून बघतं. साईस त्याच्या खांद्याशी चालतो, म्होरकीची दोरी हातात सैल. फाळक्यापाशी ते थांबतं, मान खाली घालून चटई हुंगतं, एक टाप आपटून बघतं. इथे हुशारी असते ती मागे फिरण्यात: ते बिचकायच्या आतच त्याला वळवून न्यायचं, म्हणजे माघार भीतीची होत नाही. दुसऱ्या दिवशी दोन टापा. चार दिवसांनी पुढचे पाय आत आणि तोंड घमेल्यात. मग पूर्ण आत, दार उघडंच. मग दार लावून. मग इंजिन चालू, पण गाडी जागेवर. मग आवारात एक फेरी, आणि परत ठाणावर चंदी.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात हीच वाट शास्त्राच्या काटेकोरपणे चालून पाहिली गेली. चढायला नकार देणाऱ्या पाच घोड्या. त्यांना आधी नाकानं एका खुणेच्या वस्तूला शिवायला शिकवलं, शिवलं की खाऊ. मग ती वस्तू एकेका पावलानं गाडीत सरकवत नेली. घोड्या दोराशिवाय आपणहून चढू लागल्या. ग्रीक सेनापती झेनोफननं घोड्याजवळ कधी रागानं जाऊ नये असं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलं होतं. मधल्या काळात त्याचा विसर पडायला घोड्यांनी काही मदत केली नव्हती.

चढल्यावरची एक चूक फार महागात पडते. घोडा उड्या मारू नये म्हणून डोकं उंच, आखूड बांधायचं. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात तपासून पाहिलं, तर चोवीस तास मान वर बांधलेल्या निरोगी घोड्यांच्या श्वासनलिकेत जंतूंची वाढ झालेली आढळली. घोडा मान खाली घालून खोकतो, शिंकतो, तेव्हा नळी साफ होते. चरणाऱ्या जनावराची ती रोजची सफाई आहे. लांबच्या प्रवासानंतर येणारा न्यूमोनिया बराचसा याच गाठीत असतो. म्हणून मुंबईहून पुण्याला सरळ जाता येतं, पण बंगळूर किंवा हैदराबादच्या वाटेवर मध्ये थांबून दोर सैल करावा लागतो.

शर्यतीच्या घोड्याला निदान फ्लोट आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या घोडेबाजारात परराज्यांतून येणारी जनावरं साध्या ट्रकच्या हौद्यातून येतात. तिथे फाळक्याचा उतार वगैरे नसतो. मातीचा उंचवटा बघायचा, ट्रक मागे घेऊन हौदा त्याच्या पातळीला लावायचा, की घोडा सपाट जमिनीवरून चालावा तसा आत येतो. पोकळ फळीवरची चढण आणि तिची धास्ती दोन्ही वाचतात. ही युक्ती कोणत्याही अहवालात नाही.

नवी मुंबईतल्या लग्नसराईतही ती दिसते. मुंबईतल्या शौकाच्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानं बंद झाल्या, पण नवरदेवाची पांढरी घोडी राहिली, आणि एका हॉलवरून दुसऱ्या हॉलकडे ती टेम्पोतूनच जाते. रात्री अकरा वाजता वरात आटोपली, बँडवाले ताशे बांधायला लागले, की टेम्पो मागे येतो आणि हॉलच्या ओट्याला किंवा उंच फुटपाथला फाळका टेकवतो. घोडेवाला आधी तिच्या कपाळावरचा तुरा आणि आरशांची झूल काढून घेतो, कारण त्यांचा खळखळाट बंद टपाखाली दुप्पट होतो. आत तोबरा टांगलेला असतो. घोडी ओट्याच्या काठाशी थांबते, पुढची टाप उचलते, ठेवते, पुन्हा उचलते. टेम्पोचा ड्रायव्हर घड्याळ बघतो आणि हॉर्नकडे हात नेतो. घोडेवाला त्याच्याकडे न बघताच म्हणतो, “जरा दम धरा, राव,” आणि दोरी आणखी सैल सोडतो.